प्रयोगशाळा क्रमांक दोन

मे महिन्यात आमचं कॉलेज म्हणजे
फाटकाचं कुलूप, वॉचमन
आणि चिंचेखाली मेल्यासारखी झोपलेली दोन कुत्री.
यंदा पत्र आलं :
नववी-दहावीचे बावीस विद्यार्थी, एकवीस दिवस,
सकाळी आठ ते बारा, विज्ञानाचा उन्हाळी वर्ग.
परिचर श्री. तुळशीदास गेडाम यांनी उपस्थित राहावे.
इतक्या आदरानं माझं नाव
लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच छापून आलं.

कूलरच्या वाळ्यावर पाणी मारलं.
बेसिनमधली वाळलेली पाल काढली,
सांगाड्याच्या बरगड्यांतून जाळी झाडली.
पोरं आली.
उंच स्टुलांवर पाय लोंबकळवत बसली,
दुसऱ्याच्या लग्नात जेवायला शिरल्यासारखी.
मॅडम म्हणाल्या, कॉलेजात प्रत्येक वेळी उभं राहायचं नसतं.
हे ऐकायला सगळी उभी राहिली.

आचल कोडापे उशिरा यायची.
पहाटे चारला आईबरोबर तेंदूपत्त्याला,
तिथून धावत फाट्यावर, नऊची गाडी.
बोटं काळपट, चिकट,
काचपट्टीवर ठसे.
पुसणार कोण? मी.
पहिल्याच दिवशी खेकसलो,
"हात धुऊन येत जा न व माय."
"धुतलेच आहे काका. निघत नाही हे."

नवव्या दिवशी पानाचा पापुद्रा पाहायचा होता.
नेलपॉलिश लावायची, वाळली की उचलायची.
निकेश ठिकरे दुकानातून बाटली घेऊन आला
तो कानापर्यंत लाल.
मॅडमनी जास्वंदीची पानं सांगितली होती;
आचलनं दप्तरातून तेंदूचं काढलं.
पुस्तकात तेंदू नव्हता.
मॅडम थोडं थांबल्या. म्हणाल्या, चालेल.

ती वाकली ती वाकलीच.
मागं रांग वळवळायला लागली,
कूलर घरघरत होता,
बाहेर पत्र्यावर ऊन तडतडत होतं.
मग डोळा न उचलता म्हणाली,
"मॅडम, याले तं तोंडं आहेत."
"किती?"
"मोजून राहिली न."

वहीच्या मागच्या पानावर तिचा हिशेब :
एवढ्याशा चौकोनात एवढी,
मग पूर्ण पानात,
सत्तर पानांचा एक पुडा,
मायलेकींचे दिवसाचे शंभर पुडे.
आकडा ओळीत मावेना,
समासात वळला आणि वर चढत गेला.
"फडीवरचा मुन्शी शंभरातले चार बाद करते," ती म्हणाली,
"त्यातली तोंडं कोणाच्या हिशेबात धरायची?"
कोणी हसलं नाही.
मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
आणि तास पंधरा मिनिटं आधी सोडला.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं.
तिच्यावर छापलं होतं, कु. अचल कोडापे.
अचल म्हणजे जे हलत नाही ते, मॅडम ओशाळून म्हणाल्या.
"मी तं रोज चाळीस किलोमीटर हालत होती,"
आणि कागद गुंडाळून पाण्याच्या बाटलीत घातला,
बाटली रिकामीच होती.
जाता जाता दारात थबकली.
"काका, तुम्हाले काय दिसते यातून?"
"पाह्यलं न. हजारदा."

सत्तावीस वर्षं मी भिंगं पुसतो.

सगळे गेल्यावर मी एक डोळा मिटला.
आधी काहीच नाही.
मग एक काळं, केसाळ, फांद्याफांद्यांचं झाड,
हलणारं. दचकलो.
माझीच पापणी होती.
आरसा खिडकीकडं फिरवला,
तापलेला उजेड आत घेतला,
स्क्रू कितीदा पुढंमागं केला, देव जाणे.
आणि दिसली. उघडी, लहान लहान,
काहीतरी मागत होती की सांगत होती,
मला कसं कळावं, मी बारावी नापास.

सतरापर्यंत आलो होतो,
वॉचमननं फाटक वाजवलं, चला गेडाम, जेवायचं नाही का.
सतरा, अठरा.
काचेच्या कोपऱ्यात तिचा ठसा तसाच होता.
फडकं खांद्यावर होतं.
एकोणीस.