उत्तरेचा बाण

बामणोलीहून लाँच पाऊण तास,
मग करवंदीच्या जाळ्यांतून चढण.
मी दर वळणाला थांबत होते,
आणि गेनू आखाडे माझी नकाशाची नळी खांद्यावर टाकून
बंदूक नेल्यासारखा पुढे.
नळीत उंबरढेण होतं,
येत्या पाच वर्षांचं,
शाश्वत.

शाळेच्या पडवीत कागद पसरला.
वाऱ्याला तीन कोपरे दगडांनी आवरले,
चौथ्यावर ठकूबाई ढेबे स्वतःच बसल्या.
"यात आमी कुठं?"
मी बोट फिरवलं.
तालुक्याची हद्द, धरणाचा फुगवटा, राखीव जंगल,
अगदी वर, उजव्या कोपऱ्यात,
जिथं काहीच नसतं असं साताऱ्यात पंख्याखाली वाटलं होतं
तिथं मी उत्तरेचा बाण काढला होता.
बाणाखाली सतरा घरं.

कुणी रागावलं नाही.
गेनू एवढंच म्हणाला, "टोकदार हाय."

मग रस्ता.
माझी लाल रेघ सोंडेवरून सरळ खाली येत होती,
खर्चाला बरी, चढाला बरी.
ठकूबाईंनी तिच्यावर अंगठा ठेवला:
"हितं झऱ्याचं तोंड हाय.
चैतात एक हंडा भरस्तवर
मी वीतभर दोरी वळते.
सुरुंग लावला तर पाणी घाबरंल,
दुसरीकडं जाईल. पाण्याला काय, पाय हायेत."
मी वहीत लिहिलं: झरा, संवर्धन.
त्यांनी विचारलं, काय लिवलंस?
मी वाचून दाखवलं.
"दोरीचं लिव."

तेवढ्यात मागून बिरू, मेढ्याला गॅरेजात असतो,
उभ्यानंच बोलला:
"झरा ठिवा, दोरी ठिवा.
गेल्या आखाडात आत्तीला डोलीतनं उतरवली,
लाँच रातची बंद.
पहाटंपातूर काठावर बसलो तिला घिऊन.
तवा कुणी म्हनलं न्हाई, हळू बांधा."
पडवीत कुणीच काही बोललं नाही.
एक कालवड येऊन नकाशाचा वास घेऊन गेली.

माझ्याकडे रकाने होते.
रस्ता: होय किंवा नाही.
झरा: होय किंवा नाही.
बिरूच्या रात्रीला रकाना नव्हता.

दुपारी गेनूने तिसरी वाट दाखवली, गव्यांची.
सोंडेला वळसा घालून हिरड्यांच्या सावलीतून,
दीड किलोमीटरनं लांब,
पण कुठंच दमवत नाही.
"जड जनावर उगा चढ घेत न्हाई," तो म्हणाला.
मी टेप लावली, उतार मोजला.
गव्यानं माझ्याआधी आखणी केली होती,
सही तेवढी नव्हती.
बिरू मागोमाग आला, वैतागून, मोजत.
"दीड किलोमीटर म्हंजी आनखी दोन वर्सं," म्हणाला.
ते खरं होतं.
मी तेही लिहिलं.

सौरदिवे सहा मंजूर.
बायकांनी चार गोठ्यांकडे मागितले,
एक धक्क्यावर,
आणि सहावा नको म्हणाल्या.
नको असं माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा ऐकलं.
का, ते सांगितलं नाही.
देवराईकडे पाहिलं फक्त.

परतीच्या लाँचमध्ये मांडीवर कागद घेऊन
मी बाण खोडला.
खोडरबराखालून वाडी निघाली,
थोडी मळलेली.
आता बाण कुठं हलवू?
निळा भाग मोकळा दिसत होता, धरणाचं पाणी.
तिथं टेकवणार तोच
लाँचवाल्यानं इंजिन हळू केलं,
नेहमीसारखी टोपी काढली,
कपाळाला हात लावला.
"खाली जुनं उंबरढेण," म्हणाला,
"देऊळ बरोबर हितं."

सोमवारी साहेबांनी आराखडा उघडला.
गव्यांची वाट पाहून भुवई चढली,
पाच दिवे पाहून दुसरी.
मग म्हणाले, "हा बाण चौकटीच्या बाहेर का?"

मी म्हटलं, आत जागा नाही, सर.
लोक राहतात.