आधी ट्रेलर बघ

आधी ट्रेलर बघ, ओइवा म्हणाला होता,
मग पंख, आणि भाव सगळ्यांत शेवटी.
मी उलटं केलं.
फोर्सा ते हामेनलिन्ना बस चालवणाऱ्या बाईच्या खात्यात
सहा हजार युरो असतात,
तेही अकरा हिवाळ्यांच्या रात्रपाळीचे.

पहिलं ग्लायडर फायबरचं, माझ्याहून दोन वर्षांनी थोरलं,
लांबून साखरेसारखं पांढरं.
जवळ जाऊन टॉर्च तिरका धरला
तर अंगभर बारीक भेगा,
मार्चमध्ये तळ्यावरच्या बर्फाला पडतात तशा.
घासून रंगवायला किती लागतील?
मालकाने आकाशाकडे पाहिलं.
आकाश त्या दिवशी फार उंच होतं.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.
विमा, वार्षिक तपासणी, पॅराशूटची घडी,
हँगरचं भाडं, रेडिओ नवा घ्यायलाच हवा.
जेवणाच्या सुट्टीत तिकिटांच्या कोऱ्या रोलवर
मी आकडे लिहीत जायची,
रोल संपायचा, आकडे नाही.

दुसरं एका दंतवैद्याचं.
बसून तर बघा, म्हणाला.
पंचवीस वर्षं स्टिअरिंग वळवून माझे खांदे रुंद झालेत.
डोक्यावरचं काचेचं झाकण मिटेना.
तुम्ही जरा बारीक झालात तर, असं काहीतरी तो बोलत होता
तोवर मी उतरून बूट घालत होते.

तिसरं लाकडी. नाव वासामा, म्हणजे बाण.
उर्यालाच्या पुढे, बटाट्यांच्या रिकाम्या कोठारात.
उर्पो, वय एक्याऐंशी. गुडघे वाकत नाहीत म्हणून विकतोय,
नाहीतर विकलं नसतं, हे त्याने तीनदा सांगितलं.
मी ट्रेलरखाली आडवी झाले.
गंज नाही. बिजागऱ्यांना ग्रीस. दिवे चारही लागले.
दार उघडलं आणि नाक पुढे केलं,
कारण आंबट वास आला तर सरस मेला समजायचं,
उग्र आला तर उंदरांनी संसार केला.
इथे वार्निश होतं, आणि किंचित कॉफी.

एक मीटर खाली येईतो चौतीस मीटर पुढे जातं, तो म्हणाला.
नवी पन्नास जातात.
पुढच्या गावापर्यंत चौतीस पुरतात का?
पुरतात. परत यायला शिकावं लागतं.

मग जोडून बघू म्हणालो.
पंखाचं मूळ जड, टोक हलकं.
पन्नास वर्षं मूळ उर्पोने उचललं
आणि टोक लेम्पीने धरलं.
थोडं वर, थोडं खाली, थांब.
आमचं निम्मं बोलणं एवढंच असायचं, तो म्हणाला,
आणि उरलेलं निम्मं काय होतं ते सांगितलं नाही.
दोन वर्षं झाली, पंख ट्रेलरबाहेर आलेले नाहीत.

मूळ मी उचललं. बसचं चाक बदलणाऱ्या बाईला जमतं.
तो टोकापाशी गेला
आणि हातमोजे काढून, पुन्हा घालून, उभाच राहिला.
धरतात कसं गं हे? त्याने विचारलं.
पन्नास वर्षांत तो त्या बाजूला कधी गेलाच नव्हता.

तळवा खालून, मी म्हणाले. बोटं मोकळी.
थोडं वर.
नाही, खाली.
अजून.
थांब.
बोल्ट बसला. बसचं दार नीट मिटतं तेव्हा येतो
तेवढाच आवाज.

चार हजार दोनशे म्हणत होता, चार हजारांवर आला,
वर टोक टेकवायची लाकडी घोडीही दिली.
ती नको होती, पण घेतली.

घरी येताना साठच्या वर गेले नाही.
आरशात ट्रेलर मागे येत होता,
शेवटच्या सीटवर बसलेल्या उतारूसारखा,
कुठे उतरायचं ते न सांगणारा.
धावपट्टीवर अजून गुडघाभर बर्फ आहे.
ओइवाला फोन केला. ट्रेलर कसाय, त्याने विचारलं.