चेन

अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला तो वळतो
आणि खवल्यांमधून, मानेपासून कमरेपर्यंत,
लखलखते पितळी चेन.
लोक हसतात तिथे. मीही हसतो.
एकशे चौदा वेळा पाहिलाय मी हा सिनेमा
आणि त्या क्षणी पापणी लवू दिलेली नाही.

'सातव्या चंद्राचे शेवाळमानव'.
तो सातवा चंद्र म्हणजे आमची खाण,
उत्तर वेल्समधली, पाटीच्या दगडाची.
लंडनहून एक व्हॅन आली होती, तीन दिवसांसाठी.
वडील म्हणाले, दगडाला भाव उरला नाही,
आता ग्रह होऊन पोट भरा.
पाऊस पडत होता, आमचा नेहमीचाच;
त्यांनी त्याला आम्ल म्हटलं
आणि नायिकेला छत्री दिली पारदर्शक.

मला सगळं पाठ आहे.
यानाचं दार : कपडे धुण्याच्या यंत्राचं.
नियंत्रणकक्षातली बटणं : अंड्यांचे ट्रे, चंदेरी रंगवलेले.
किरणबंदुकीचा आवाज
कुंपणाच्या तारेवर पान्हा मारला की अजूनही निघतो,
हवं तर या, दाखवतो.
माळ्यावर माझ्याकडे आहेत
बिस्किटांच्या पुड्यातून निघालेले अकरा शेवाळमानव
(बारावा कुत्र्याने खाल्ला, एकोणऐंशी साली),
डब्याचं झाकण, त्यावर नायकाचं नाक खरवडलेलं,
आणि चिकटचित्रांची वही, जिच्यात सदतीस नंबर नाही.
एलेरी म्हणते, इडवाल, तू बस चालवतोस की यान?
मी म्हणतो, दोन्हींना वेळापत्रक असतं
आणि दोन्ही पाळत नाहीत.

दर नोव्हेंबरात चॅपलमागच्या सभागृहात
आम्ही तो लावतो. तेवीस माणसं.
रेक्सहॅमचं जोडपं येतं हिरवी लोकर पांघरून.
यंदा शेवटच्या रांगेत नेस्टा होती,
एक्याण्णव वर्षांची, चहा फुकट असतो म्हणून आलेली.

अठ्ठेचाळिसावं मिनिट.
सगळे हसले.
ती म्हणाली, ती चेन माझी.

मी सिनेमा थांबवला.
कधी थांबवत नाही मी.

माझ्या भावाच्या तंबूची, ती म्हणाली.
वर झाकणपट्टी शिवली होती मी, नीट, दुहेरी टीप घालून,
कळलीही नसती कुणाला.
पण आत ग्विलिम होता.
तोच, जो दरड कोसळली तेव्हा
अठरा तास अडकला होता खाली, हातभर जागेत.
अकरा पौंड मिळणार होते म्हणून हो म्हणाला,
आणि डोक्यावरून मुखवटा उतरला तसा थरथरायला लागला.
मग मी कात्री घेतली
आणि पट्टी उसवून टाकली, तिथेच, पावसात उभी राहून.
म्हटलं, आता ती सगळ्यांना दिसेल.
कुणीही धावत येईल आणि उघडेल.

सभागृहात फक्त हीटरची घरघर.

तो दर थोड्या वेळाने हात पाठीमागे नेतो, तो शेवाळमानव,
बोटं चाचपडतात, परत येतात.
त्यावर मी लेख लिहिला होता एका मासिकात,
नऊ पानी, आकृत्यांसकट :
'सातव्या चंद्रावरची अभिवादनपद्धती'.
रेक्सहॅमचं जोडपं अजूनही एकमेकांना तसंच अभिवादन करतं.
त्या दोघांचे हात
आत्ता मांडीवर पडून होते.

काय बोलायचं असतं अशा वेळी, ते मला येत नाही.
मी म्हणालो, नेस्टा, सदतीस नंबरचं चित्र
तुझ्याकडे नसेल ना?
ती म्हणाली, वेडा आहेस का?
लाव पुढे.
मी कधी शेवट पाहिलेला नाही,
तेव्हा त्याला चहा पाजत होते.