शेरा

केबल दोनदा टाकून झाली होती.
एकदा वाळूवाल्यांच्या पोकलेननं उपटली,
एकदा हतनूरचे दरवाजे उघडले
तेव्हा तापीच घेऊन गेली.
मग आम्ही अकलूदच्या पाण्याच्या टाकीवर
खांब रोवला, त्यावर दोन यंत्रं बसवली.

एक काचेचं.
न दिसणारा उजेड नदीवरून पलीकडे पाठवतं,
सुईत दोरा ओवावा तसा
अडीच किलोमीटरवरच्या दुसऱ्या काचेत.
त्या दोऱ्यावरून उपकेंद्राचं सगळं जातं :
लसींचे आकडे, पोटातल्या बाळांची चित्रं,
शबनूर सिस्टरचं डॉक्टरांशी तावातावानं बोलणं.

दुसरं, ताटाएवढा पांढरा डबा, रेडिओचं.
धुक्यात पहिलं आंधळं,
जाड पावसात दुसरं बहिरं.
दोघं एकाच वेळी आजारी पडले,
असं अजून तरी फारसं झालेलं नाही.

जानेवारीत पहाटे तापी
चुलीवर ठेवल्यासारखी वाफाळते.
आधी केळीच्या बागा जातात,
मग पूल,
मग पान्हा धरलेला आपलाच हात.
"काहीच दिसत नाही ना भो,"
योगराज म्हणतो, अगदी शेजारून,
आणि शेजारी कोणी नसतंच, नुसता आवाज.

नाना भुसावळ यार्डात होते.
अशा रात्री सिग्नलचा दिवा दिसेनासा झाला
की घोंगडी पांघरून रुळारुळानं जायचे,
रुळावर फटाके बांधायचे.
चाकाखाली फुटले की ड्रायव्हरला कळायचं,
पुढं सिग्नल आहे, दिसो न दिसो.
उजेड थकला की आवाजानं उभं राहायचं.
लहानपणी मला वाटायचं,
आमच्याकडे दिवाळी जानेवारीत असते.

आमचा बदल फटाक्याइतकाही वाजत नाही.
उजेड क्षीण झाला, डब्यानं ओझं घेतलं,
पलीकडे सिस्टरचं वाक्य
मधल्या स्वल्पविरामावरसुद्धा तुटलं नाही.

एकच गोष्ट आम्ही चुकून शिकलो.
धुकं जरा विरळलं की यंत्र
उतावीळ होऊन काचेकडे पळायचं,
लगेच पुन्हा पडायचं, पुन्हा पळायचं,
रात्रभर नुसती ये-जा.
आता चाळीस सेकंद थांबायला शिकवलंय.
नीट दिसतंय अशी खात्री झाल्याशिवाय
परत फिरायचं नाही.
नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले,
"मंग? आम्ही काय वेगळं करत होतो?"

सकाळी सात. टाकीवर ऊन,
नदीपलीकडचा निळा पत्रा दिसायला लागला.
नोंदवहीत लिहितो :
०४.१२, उजेड गेला.
०४.१२, रेडिओ.
०६.५१, उजेड परत.
शेरा या रकान्यात
काय लिहावं ते सुचत नाही.
नानांच्या वहीत तिथं रोज एकच असायचं,
शाई पसरलेली, अक्षर गारठलेलं.
मीही तेच लिहितो.
वरच्या साहेबाला कळणार नाही, राहू दे.

गाडी गेली.