शून्याखाली

हडर्सफील्डच्या शाळेत
मी बटाट्याच्या कांड्या कापते,
सगळ्या एका मापाच्या.
अर्ध्या साध्या पाण्यात, अर्ध्या मिठाच्या.

मिस होलरॉइड फळ्यावर लिहितात:
निव्वळ पाणी म्हणजे शून्य.
काहीही विरघळलं, की उणे.
आणि पाणी जातं ते जास्त उण्याकडे.

कॅलम मागून विचारतो,
"मग त्याला ढकलतं कोण?"
कोणी नाही रे.
काकडीला मीठ चोळलं की माझ्या वाडग्यात हेच होतं,
मी फक्त "पाणी सुटलं" म्हणते,
जसं काही कुणी बांधून ठेवलं होतं.

साडेतीनला वर्ग रिकामा.
मिठातल्या कांड्या बोटाभोवती वळतात
ओल्या सुतळीसारख्या.
साध्या पाण्यातल्या ताठ, वाकवल्या की कट्कन मोडतात.

खिडकीबाहेर सिकॅमोर.
ना मोटर, ना रहाट.
वर पानं वाऱ्यात सुकत राहतात
आणि त्या सुकण्याला धरून
मुळापासून एक ओढ चढत जाते,
मध्ये कुठेही न तुटता.

पेले विसळायला घेतले, तर बेसिनपाशी
एकात साधं पाणी,
त्यात मिठातली एक मलूल कांडी.
खाली चिठ्ठी, कॅलमचं वाकडं अक्षर:
फेकू नका. उद्या बघतो.

मी तेवढा पेला ठेवून दिवा मालवते.