ठेंगणे खिळे

अमळनेरच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो,
बोरी नदीच्या अलीकडे, मिलच्या भोंग्याच्या टप्प्यात.
उलटं वाचायची सवय अशी जडली
की सरळ लिहिलेलं मला अजून संशयास्पद वाटतं.

युनियनच्या वार्षिक पुस्तिकेत अकरा नावं असायची.
सातवं : सुपडू दोधू शिंपी.
साचेखात्यात कामाला, बोटांना सुताचे चरे,
दुपारच्या सुट्टीत डबा सोडायचा नाही, नकाशा सोडायचा.
कराचीहून बोट पकडून तो त्या देशात गेला
जिथं म्हणे मालक नावाची जातच उरली नव्हती.
पत्रं यायची.
एकात लिहिलं होतं, इथं थुंकी जमिनीला लागायच्या आत गोठते.
एकात, कळण्याच्या भाकरीला यांच्याकडे शब्दच नाही.
शेवटच्यात मिरचीचं बी मागितलं होतं.
बी पाठवलं.
पोच आली नाही.

मग चिटणीस अवचित खैरनार चिठ्ठी घेऊन आला :
सातवं नाव काढा.
का?
‘फितूर निघाला.’
कोणी सांगितलं?
‘तिकडून कळलं.’
वैशाख होता, शिसं हाताला चटका देत होतं,
मी आणखी काही विचारलं नाही.
ते उन्हावर ढकलता येईल, पण ऊन दरवर्षी असतंच.

विडी संपायच्या आत नाव निघालं.
जागा उरली तिथं कोरे खिळे भरले.
कोरा खिळा अक्षरापेक्षा ठेंगणा असतो,
म्हणून त्याला शाई लागत नाही.
एवढीच युक्ती. बाकी सगळं यंत्र करतं.
सुटी अक्षरं आपापल्या खणात गेली
आणि गावाच्या कामाला लागली :
सु गेला पारोळ्याच्या लग्नपत्रिकेत, कुणाच्या सुपुत्राला;
प बैलबाजाराच्या पत्रकात;
डू शेवटी लाडूला चिकटला.

पुढच्या साली तिसरं नाव गेलं, नववं गेलं.
नववा कुठं परदेशी गेला नव्हता,
त्यानं भर सभेत फक्त विचारलं होतं, ‘सुपडूचं काय झालं?’
त्याच्या पुढच्या साली
चिठ्ठी घेऊन दुसराच माणूस आला
आणि चिठ्ठीत खैरनार होता.
उखा भोई तेवढा टिकला.
तो सभेत कधी बोललाच नाही.

त्याच दिवसांत सुपडूची बायको आली, चंद्रभागा,
पदराखाली नवी पुस्तिका.
तिला वाचता येत नव्हतं.
‘भाऊ, यामा त्यासनं नाव कोठे शे?’
मी तिचं बोट धरलं
आणि उखा भोईवर ठेवलं.

नंतर ती दर वर्षी यायची.
मी दर वर्षी ठेवायचो.
तिचं बोट त्या ओळीवरून एकदाच फिरायचं, हळू,
कापडाचा पोत बघतात तसं.
मग ती पुस्तिका घडी न करता नेायची कशी, पदर कसा धरायचा,
हे मला पाठ झालं होतं. तिचा चेहरा नाही.

एकोणीस वर्षांनी तिकडून कागद आला.
टंकलेला, शिक्का मारलेला, चार ओळींचा :
पुरावा आढळला नाही. खटला रद्द.
तारीख होती, ती गोळीची.
मिरचीच्या बियांबद्दल काही नव्हतं.
नवा चिटणीस म्हणाला, सातवं नाव पुन्हा घ्या.
मी खणात हात घातला. सु झिजलेला होता,
इतक्या लग्नांनंतर झिजणारच.
तरी जुळवलं.

चंद्रभागा आली, केस पांढरे.
तिनं विचारायच्या आधीच मी बोट धरलं
आणि या वेळी बरोबर जागी ठेवलं.
शाई ओली होती.
बोट पुढं गेलं, थांबलं,
मागं आलं, पुन्हा गेलं.

‘भाऊ,’ ती म्हणाली,
‘हाई लांब शे.
पहिलं आखूड व्हतं.’