पडला नव्हता

पडला नव्हता.
रात्री शिलाई मशीनच्या झाकणावर चार्जिंगला होता.
सकाळी डाव्या कोपऱ्यातून रेघ,
केसाएवढी.
डबा खाईपर्यंत बोटभर.

कॅनडा कॉर्नर, दुसरा मजला, टोकन सत्तेचाळीस.
पोराच्या खिशावर नाव : ओजस खैरनार.
काच उजेडात तिरकी धरून म्हणाला,
"मॅडम, फिजिकल डॅमेज. वॉरंटीत बसत नाही."
पडला नाही हो.
"सगळे तेच म्हणतात."

म्हणतात खरे. मलाही म्हणतात.
अंबडला बारा वर्षं मी
परत आलेले इन्सुलेटर भिंगाखाली धरते,
तडा बघते, शिक्का मारते :
हाताळणीतील दोष.
एखादा भट्टीतूनच ताण घेऊन आलेला असतो,
कळतं.
त्याचाही शिक्का आहे खणात.
शाई वाळलीय.

हे त्याला सांगितलं नाही.
फॉर्म मागितला.
'तक्रारीचे स्वरूप' पुढे दोनच शब्द लिहिले.
त्यानं ते वाचले, भिंग पुन्हा डोळ्याला लावलं,
या वेळी जरा जास्त वेळ.
"आघाताची खूण नाही, असं लिहून पाठवतो वर.
पुढचं माझ्या हातात नाही."

सीबीएसच्या थांब्यावर
रेघेला अंगठा लागू न देता
रिमाइंडर टाकला :
सोमवार. स्टॅम्प पॅडची शाई.